उडवलेले हंस

त्या हिवाळ्यात बांधावरचे हंस मी उडवले. बाबांनी नाही. बाबा त्यांच्या जवळ गेले होते हे खरं आहे, पण हंस गेले ते माझ्यामुळं, मी ठरवून केलेल्या कामामुळं. हे मी त्यांना त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट त्यावर एक खोटं रचलं, आणि त्या खोट्यानं बाबांचं काय झालं ते रोज जेवताना समोर बसून पाहत राहिलो. सुरुवात इथूनच करतो. नाहीतर घर, आई, आईच्या हातचं जेवण असं लिहीत लिहीत मी स्वतःला वाचवत नेईन. माझी सवय मला ठाऊक आहे.

तेव्हा आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यात भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं एक अरुंद ओसरी. ओसरीसमोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत होती, बिनगिलाव्याची, पावसाळ्यात हिरवी आणि उन्हाळ्यात काळी पडणारी. बाबा वर्ध्याकडचे. रेल्वेत नकाशे काढायच्या कामावर लागले आणि रायपूरचेच झाले. पूल, फलाट, सिग्नलच्या केबिनी, कर्मचाऱ्यांचे क्वार्टर, सगळ्यांचे नकाशे त्यांनी हातानं काढले. ट्रेसिंग कागदावर शाईची रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की सुईत दोरा ओवताना किंवा आईच्या गॅसची शेगडी दुरुस्त करतानाही त्यांचा श्वास थांबलेला असे, आणि काम संपलं की मोठा सुस्कारा ऐकू येई. तो सुस्कारा आमच्या घरातला एक रोजचा आवाज होता. कुकरची शिट्टी, आईचा रेडिओ, दुरून येणारा इंजिनाचा भोंगा, तसा.

मग ऑफिसात संगणक आले. नकाशे काढायला दोन तरुण मुलं आली. बाबांना कुणी काढून टाकलं नाही, कुणी अपमानही केला नाही. त्यांचं टेबल खिडकीपासून हलवून भिंतीकडं नेलं आणि जुने नकाशे गुंडाळून, नावं घालून ठेवायचं काम त्यांच्याकडं दिलं, एवढंच. बाबा वेळेवर जात, वेळेवर येत, हातपाय धुऊन मागच्या ओसरीत बसत. समोर ती भिंत. आई चहा ठेवून जाई, तो साय धरून थंड होई. बोलणं कमी होत होत "हो", "नाही" आणि "ठेव तिथं" इतकंच उरलं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, रेडिओ चालू होता, फक्त सुस्कारा बंद झाला होता. श्वास रोखून करावं असं काहीच उरलं नव्हतं.

आई गप्प बसणारी नव्हती. "काय आहे त्या भितीत?" ती स्वयंपाकघरातून ओरडे. "मले तं काही दिसत नाही. मलेबी दाखवा ना एखाद्या वेळी." बाबा हसतही नसत. मग ती माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणे, "नितीन, बापाशी दोन शब्द बोलत जाय रे. घरात माणूस आहे का कपाट, समजून नाही राहिलं." मी तेव्हा कॉलेजात नावापुरता होतो. खरा वेळ सदर बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत जाई. लग्नाच्या दिवसांत बाराती आणि हळदीचे फोटो काढायचे, एरवी पासपोर्टचे. बापाशी काय बोलायचं ते मला सुचत नसे. मी "हो" म्हणे आणि बाहेर पडे.

हंस आले ते अगदी अचानक. ऑफिसातल्या कुणीतरी अभनपूरच्या बाजूला प्लॉट घेतला होता. नव्या राज्याची राजधानी तिकडं होणार असं तेव्हा सगळेच म्हणत. तो बाबांना रविवारी बळेच जागा दाखवायला घेऊन गेला. परत येताना वाटेत एका गावाच्या बांधापाशी, तिकडं मोठ्या तळ्यालाही बांधच म्हणतात, ते चहाला थांबले. त्या रात्री जेवताना बाबांनी भाताचा घास हातातच ठेवला आणि म्हणाले, "हंस आहेत तिथं."

आईनं वरणाची पळी थांबवली. "कुठी?"

"बांधावर. मोठा कळप आहे. राखेसारखा रंग, पाय नारिंगी, अन् डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळे पट्टे. एकदम सारखे. पट्टीनं ओढल्यासारखे."

"राखेसारखा? मंग तो हंस कसला? सरस्वतीपाशी तं पांढराफेक असते."

"तो कॅलेंडरातला विलायती आहे. आपल्याकडं येते तो हाच. हिमालयाच्या वरून उडून येते."

"असन बापा," आई म्हणाली. "डोकं पांढरं, त्याच्यावर दोन काळे पट्टे, अन् एका पायावर उभा राहून पाण्याकडं पाहून राहिला असन. तुमचाच भाऊ दिसते."

बाबा हसले. मोठ्यानं नाही, पण खांदे हलले. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि कुणी न मागता बाबांच्या ताटात आणखी वरण वाढलं.

त्यानंतर दर रविवारी बाबा पहाटेच्या बसनं तिकडं जाऊ लागले. वाचनालयातून पुस्तक आणून त्यांनी नाव शोधलं, पट्टकादंब. पण घरात आम्ही हंसच म्हणत राहिलो. आई त्यांना पोळ्या, मिरचीचा ठेचा आणि गुळाचा खडा बांधून देई. बाजारात त्या दिवसांत तिवऱ्याची कोवळी भाजी येते. आमच्या विदर्भात जिला लाखोळी म्हणतात, तीच. हंस रात्री त्याच तिवऱ्याच्या शेतात चरतात हे बाबांनी सांगितल्यापासून आई भाजी वाढताना म्हणे, "घ्या, तुमच्या हंसाईची भाजी. त्याईनं सोडली म्हणून आपल्याले भेटली." लसूण आणि लाल मिरचीची फोडणी दिलेली ती भाजी मला आजही आवडते आणि आजही मी ती नीट गिळू शकत नाही.

बाबांचं चित्र काढणं हे चित्रकाराचं नव्हतंच. त्यांना एकच पद्धत येत होती. त्यांनी हंसाचं साइड एलिव्हेशन काढलं, फ्रंट एलिव्हेशन काढलं, आणि बांधाच्या उंच कडेवरून खाली बघून प्लॅनही काढला, म्हणजे वरून हंस कसा दिसतो ते. चोचीचा कोन, मानेचा बाक, पायाच्या पडद्याची घडी, सगळं शाईच्या एकसारख्या रेघेत. शेजारी मापाच्या रेषा, दोन्ही टोकांना बाण, आणि मधे आकड्याची जागा रिकामी. मी विचारलं, "आकडे काहून नाही टाकले?" तर म्हणाले, "मोजलं कुठं मी? न मोजता आकडा लिहायचा नसते." मला ते हास्यास्पद वाटलं होतं. हंसाचा कुणी असा नकाशा काढतं का? आज मी जगातल्या मोठमोठ्या लोकांची पक्ष्यांची चित्रं पाहिली आहेत. पण उभा राहिलेला हंस आपलं वजन कोणत्या पायावर तोलतो, हे मला त्या कागदांइतकं स्पष्ट कुठं दिसलं नाही.

जवळ जाण्याचीही त्यांची रीत होती. पहिल्या रविवारी ते बांधाच्या टोकाला घडीचं स्टूल टाकून बसले. पुढच्या वेळी थोडं आत. हंसांनी माना वर केल्या की स्टूल तिथंच थांबे, त्या दिवशी पुढं जायचं नाही. काही आठवड्यांनी त्यांचं स्टूल पाण्यालगतच्या बेशरमच्या झुडपांपर्यंत पोचलं होतं आणि हंस त्यांच्याकडं पाठ करून झोपत होते. तिवऱ्याची राखण करणारा एक म्हातारा होता, तो त्यांना गुरुजी म्हणे. बाबा बसमधून उतरताच तो लांबूनच सांगे, "हव गुरुजी, बइठे हें." बाबा घरी येऊन हे त्याच सुरात सांगत. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. ऑफिसातून आल्यावर ते ओसरीत नाही, पुढच्या खोलीत दिव्याखाली बसत, आणि तो सुस्काराही परत आला होता. त्यांचा एक कागद बाकी होता, उघडलेल्या पंखाचा. हंस उठून आळोखेपिळोखे देतो तेव्हा एक पंख आणि त्याच बाजूचा पाय मागं ताणतो, तेवढा वेळ जवळून पाहायला मिळाला की सेट पूर्ण होणार होता. "याच हिवाळ्यात होऊन जाईन," ते म्हणत. ते असं पुढच्या दिवसांबद्दल बोलतात हे ऐकूनच आई खूश होई. हंस बांधावर राहणं म्हणजे बाबा आमच्यात राहणं, इतकं सरळ होतं ते, आणि ते मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी त्यांच्यासोबत तीन-चारदा गेलो. स्टुडिओचे मालक, ज्यांना आम्ही सगळे मुन्ना भैया म्हणायचो, त्यांच्याकडं एक लांब लेन्स होती. ती मागून नेली. बाबांच्या मागं बसून मी दोन रोल काढले. झोपलेले हंस, उभे हंस, पाण्यातले हंस. बाबांना ते फोटो फार आवडले, त्यावरून त्यांनी मानेची एक रेघ सुधारलीसुद्धा. मुन्ना भैयांनी मात्र ते पत्त्यांसारखे काउंटरवर पसरले आणि परत गोळा केले.

"ये सब तो बैठे हुए हैं यार," ते म्हणाले. "बैठी हुई बत्तख कौन टाँगेगा दीवार पे? देख, एक पार्टी कैलेंडर छपवा रही है, छत्तीसगढ़ के पक्षी. उड़ता हुआ ला. पूरा झुंड, पंख खुले, सामने की लाइट. नीचे तेरा नाम छपेगा."

नाव छापून येईल. आजवर माझं नाव कशावरच छापून आलं नव्हतं. मी बाबांना विचारलं, "एकदा सगळे एकदम उठले पाहिजेत ना. दिवसा."

"उठतीन ना संध्याकाळी. आपल्या मनानं."

"संध्याकाळी उजेड नसतो."

"मग नसू दे." त्यांनी वर पाहिलंही नाही. "एवढं दूर उडून आले ते. बसू दे ना बिचाऱ्याईले."

त्याच्या पुढच्या शनिवारी मी एकटा गेलो. स्टुडिओची लूना होती, लेन्स होती, आणि बॅगेच्या खालच्या कप्प्यात एका बारातीत उरलेले सुतळी बॉम्ब होते. लग्नात फोटो काढणाऱ्याच्या बॅगेत असलं काहीबाही असतंच, नाचणारे लोक हातात कोंबतात. लहानपणी दिवाळीत आम्ही वातीला उदबत्ती बांधून ठेवत असू, म्हणजे पेटवून लांब पळायला वेळ मिळे आणि शेजारी दचकला की आपण दुसरीकडं उभे. तीच युक्ती मी वापरली. समोरच्या काठावर, रिकाम्या डब्यात बॉम्ब ठेवला, उदबत्ती पेटवली आणि वळसा घालून बेशरमच्या झुडपांत येऊन बसलो. बाबांच्या जागेवर. स्टुलाच्या पायांचे खड्डे तिथं मातीत तसेच होते.

बॉम्ब फुटला आणि कळप उठला. त्यांचा आवाज तसा नाकातला, तेल न घातलेल्या ट्रॉलीच्या चाकासारखा, पण शांतपणे बोलताना तो निराळा असतो आणि घाबरल्यावर निराळा. हे मला त्या क्षणी कळलं. फोकस बसायच्या आतच मी बटण दाबलं होतं, फोटो धूसर आले असणार असं वाटलं. हंस वर घिरट्या घालत राहिले, आणि मग खाली उतरले. त्याच जागी. माझ्यासमोर. त्यांनी माना खाली घातल्या. मी तेव्हा उठून घरी जाऊ शकत होतो. मी दुसरा बॉम्ब लावला. ते पुन्हा उठले, पुन्हा बराच वेळ फिरले, आणि यावेळी पाण्याच्या मध्यावर उतरले. मी आणखी एक लावला. यावेळी सगळा कळप सूर्याकडून माझ्या डोक्यावर आला, पंख पूर्ण उघडे, पिसांमधून उजेड येत होता, आणि मला हवा होता तो फोटो मिळाला. मग ते उत्तरेला लहान होत गेले. मी रोल संपला म्हणून बघत राहिलो, नाहीतर तेही काढलं असतं.

जवळच मुरमाची खदान होती, दुपारी तिथं सुरुंग उडत. गावात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. घरी आल्यावर आईनं माझं जॅकेट धुवायला घेतलं आणि नाकाशी धरलं. "कोणाची बारात होती रे दिवसाढवळ्या?" मी म्हटलं, "अभनपूरले." तिनं जॅकेट पुन्हा एकदा हुंगलं आणि बादलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाबा बांधावर गेले. राखणदार म्हातारा वाटेतच भेटला, "नइ हें गुरुजी. काली ले नइ हें. कोन जानी काबर." कालपासून नाहीत, का ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बाबा तरी संध्याकाळपर्यंत बसून राहिले. डबा तसाच परत आणला. त्यानंतरचा रविवारही त्यांनी तसाच रिकाम्या पाण्यासमोर काढला, आणि त्यानंतरचाही. मग एके दिवशी जेवताना त्यांनी आपण होऊन विषय काढला.

"माझीच चूक झाली," ते म्हणाले. "त्याच्या आदल्या रविवारी मी झुडपाच्या पुढं गेलो होतो. थोडाच. पायाचा पडदा नीट दिसत नव्हता म्हणून. एकानं मान वर केली होती. थांबायले पाहिजे होतं. मी हाव केली."

"अहो, पाखरं ते," आई म्हणाली. "त्याईचं काय, आज इथी उद्या तिथी. खदानीचा आवाज झाला असन."

"खदान त्याईले रोजचीच होती. नवा मीच होतो."

मी समोर होतो. माझ्या तोंडात घास होता. मी तो चावला, गिळला, आणि पाणी प्यायलो. त्या दिवशी सांगितलं असतं तर बाबांनी कदाचित मला मारलं असतं, कदाचित महिनाभर बोलले नसते. यापेक्षा जास्त काय झालं असतं? पण मी थांबलो, फोटो धुऊन येईपर्यंत. फोटो अप्रतिम आला होता. मुन्ना भैयांनी मला स्टुडिओतल्या सगळ्यांसमोर मिठी मारली. आणि फोटो कुठला हे कुणी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघालं, "गंगरेल का है. बाँध के पीछे साइड का." कॅलेंडर छापून आल्यावर घरीही मी तेच सांगितलं, की मध्यंतरी स्टुडिओच्या कामानं धमतरीला गेलो होतो तेव्हा गंगरेलच्या धरणावर काढला.

बाबांना तो फोटो दिसला थेट कॅलेंडरात, वर्षाच्या शेवटी. त्या दुसऱ्या हिवाळ्यात हंस बांधावर आलेच नव्हते. बाजूनं रस्त्याचं काम सुरू झालं होतं, म्हणून आले नसतील, किंवा मागच्या वर्षीचं त्यांच्या लक्षात असेल. मला ठरवता येत नाही. आईनं कॅलेंडर पुढच्या खोलीत लावलं. माझं नाव तिनं शेजारणींना बोट ठेवून वाचून दाखवलं. बाबांनी आपलं भिंग काढलं, नकाशातले बारीक आकडे वाचायचं, आणि स्टुलावर उभं राहून एकेक हंस पाहू लागले. तेच घडीचं स्टूल. बराच वेळ. मला वाटलं, आता त्यांना पाणी ओळखू येईल, काठ ओळखू येईल. पण फोटोत फक्त आकाश होतं. मग त्यांचं भिंग एका हंसावर थांबलं.

"नितीन, इकडं ये. हा पाह्य. याच्या डोक्यावरचा खालचा पट्टा मधून तुटलेला आहे. हा आपलाच आहे. माझ्या कागदावर आहे हा."

मी जवळ जाऊन स्टूल धरलं.

"म्हणजे तिकडं गेले," ते म्हणाले. स्टुलावरून खाली उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. "गंगरेलले. इथून उठले अन् तिकडं जाऊन बसले. चांगलं झालं. तिथी कोणी त्रास देणार नाही."

माझ्या खोट्यानं त्यांच्या मनातली उरलीसुरली शंकाही मिटवली होती. हंस जिवंत होते, ठीक होते, फक्त बाबांपासून दूर गेले होते. त्याच आठवड्यात त्यांनी ते सगळे कागद काढले आणि आईच्या फडताळात, लोणच्याच्या बरण्यांखाली अंथरले. आई नको नको म्हणत होती. "जाड कागद आहे, तेल झिरपत नाही," एवढंच ते म्हणाले. पंखाचा कागद कोराच होता, तोही अंथरला. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून आले की ते पुन्हा मागच्या ओसरीत बसू लागले, आणि निवृत्त झाल्यावर तर सकाळपासून. आई पुढं काही वर्षांनी गेली. शेवटच्या दिवसांत एकदा दवाखान्यात ती मला म्हणाली होती, "तुझ्या बापाले काही सांगायचं असन तं सांगून टाकत जाय. तो विचारणार नाही कधी." तिला काय ठाऊक होतं, जॅकेटचा वास तिच्या लक्षात राहिला होता का, हे मी तिला विचारायचं धाडस केलं नाही. माझ्या नशिबी धाडस नेहमी बॉम्ब लावण्यापुरतंच आलं.

त्या एका फोटोवर माझं बस्तान बसलं हेही लिहायलाच हवं. पुढं मी पक्ष्यांचाच फोटोग्राफर झालो. तरुण मुलांची शिबिरं घेतो. पहिल्या तासाला सांगतो, की फोटोसाठी पक्षी कधी उडवायचा नाही, दगड नाही, टाळी नाही, काही नाही. मुलं लिहून घेतात. एखादा विचारतो, "सर, वो हंसों वाला फोटो कैसे मिला?" मी म्हणतो, "नसीब." तो फोटो आता एका दवाखान्यात आणि एका बँकेत टांगलेला आहे असं लोक सांगतात. दोन्ही ठिकाणी मी जात नाही.

बाबा आता आमच्याकडं असतात, तेलीबांध्याला, तळ्याजवळच्या फ्लॅटात. नव्या रायपूरकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज दिवसभर असतो, त्यांना फारसा ऐकू येत नाही. परवा संध्याकाळी माझ्या मुलीनं हट्टानं आम्हा दोघांना खाली फिरायला नेलं. तळ्याच्या काठी कुणीतरी पाळीव पांढरे हंस सोडले आहेत, लोक त्यांना मुरमुरे टाकतात, पोरं शेपट्या ओढतात. ती पुढं पळाली आणि हाका मारू लागली, "आबा, आओ ना! हाथ से खाते हैं ये."

बाबा फुटाणेवाल्याच्या गाडीपाशीच थांबले. काठी दोन्ही हातांत घट्ट धरून.

"तू जा बेटा. मी इथूनच पाहतो."

"अरे आओ ना आबा, बिल्कुल पास आते हैं."

"मी आलो की उडतीन ते."

मुलगी हसली. "आबा, ये पालतू हैं. ये उड़ ही नहीं सकते."

"तरी," बाबा म्हणाले.

ते अंतर मी डोळ्यांनी मोजलं. इतक्या वर्षांत बाल्कनीत कबुतर बसलं की ते हळूच आत का येतात, बागेत साळुंक्या दिसल्या की वाट बदलून का चालतात, हे मी कधी पाहिलंच नव्हतं, की पाहून वळलो होतो? मी त्यांना बाकावर बसवलं. त्यांचा चांगला कान उजवा, त्या बाजूला बसलो. आणि सांगितलं. शनिवार, उदबत्ती, डबा, सगळं. गंगरेलचं खोटंही. लोक जवळून जात होते, त्यामुळं काही वाक्यं मला मोठ्यानं, दोनदा म्हणावी लागली.

ते तळ्याकडं बघत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या वेळी उठले, ते परतून आले होते?"

"हो."

"तिथंच बसले?"

"तिथंच. तुमच्या जागेसमोर."

"अन् तू पुन्हा लावला."

"हो बाबा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. तो एखादा जुना नकाशा पुन्हा तपासणाऱ्या माणसासारखा होता, जिथं चूक आहे असं समजून सगळं पुढचं बांधकाम तसं केलं गेलं आणि आता कळतंय की रेघ बरोबरच होती.

"म्हणजे मले नव्हते भ्याले ते?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. तुम्हाले ते कधीच भ्याले नाही. तुमच्याकडं पाठ करून झोपत होते ते."

त्यांनी चष्मा परत चढवला. मी त्यांचा हात धरायला गेलो तर त्यांनी तो बाजूला घेतला आणि काठीवर ठेवला. त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यातली मी कोणती वर्षं परत आणून देणार होतो? माझ्याकडं द्यायला एकच गोष्ट होती, आणि ती फार उशिरा आणली होती. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकलो, म्हणजे पुन्हा म्हणावं लागू नये.

"माझं चुकलं, बाबा," मी म्हणालो. "हंस मी उडवले, अन् दोष तुमच्यावर येऊ दिला. मले माफ करा."